पाळीव प्राण्यांवरचा मुलांचा कलावर्ग: तीन शनिवारांत चित्र, खेळणी आणि खाऊ

मांजरीची छापील आकृती हातात दिली, की पंधरा मिनिटांत बारा मुलं बारा सारखी मांजरं रंगवून मोकळी होतात. वर प्लास्टिकचे हलणारे डोळे चिकटवले, थोडी चमकी टाकली, शेवटी पंजाच्या आकाराचं चॉकलेट-बिस्कीट दिलं, की वर्ग संपला. मुलं खूश, पालकही खूश. ज्या मनीमुळे किंवा टॉमीमुळे हा सगळा घाट घातला, त्यांच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही. उलट तो चिकटवलेला डोळा किंवा ते बिस्कीट त्यांच्या तोंडात गेलं, तर दवाखाना गाठावा लागतो.

ठाण्यात पाचपाखाडीला सोसायटीच्या सभागृहात मी मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. तिथे हा विषय मी तीन शनिवारांत, दर वेळी दीड तास, असा बसवला आहे. कसोटी एकच: वर्गात जे बनेल ते प्राण्याच्या बाजूने तपासायचं. चित्र काढायचं तर आधी प्राणी नीट पाहायचा. खेळणं करायचं तर ते त्याच्या डोळ्यांना दिसेल आणि त्याच्या दातांपुढे टिकेल असं. खाऊ करायचा तर त्याच्या पोटाला मानवेल असा. मुलांना हे फार लवकर कळतं. मोठ्यांना जरा वेळ लागतो.

आठवडाभर आधीची तयारी

बारा मुलं, एक ताई आणि एक मदतनीस, हे प्रमाण बरोबर बसतं. खाऊच्या दिवशी मदतनीस नसेल तर तो दिवस पुढे ढकला. सहा ते बारा वयाची मुलं एकत्र चालतात. त्याहून लहान मुलासोबत घरचं कुणी बसायला हवं.

पालकांच्या ग्रुपवर चार गोष्टी विचारून घ्या. घरात कोणता प्राणी आहे? मुलाला शेंगदाणे, दूध, अंडं, गहू किंवा प्राण्यांच्या केसांची ॲलर्जी आहे का? घरच्या प्राण्याला काही आजार किंवा पथ्य आहे का? आणि वर्गात साधं उकडलेलं चिकन आणलेलं चालेल का? हा शेवटचा प्रश्न काही घरांच्या दृष्टीने नाजूक असतो, म्हणून तो आधीच विचारायचा. ऐन वेळी टेबलावर डबा उघडून विचारण्यात अर्थ नाही.

याच निरोपात फोटो मागवा, पण कसा काढायचा ते सांगा: प्राणी बाजूने दिसेल असा, आणि फोटो काढणाऱ्याने जमिनीवर बसून, प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला. उभ्याने काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय खुंटासारखे दिसतात. मग चित्रही तसंच उतरतं.

ठाण्यातल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये पाळीव प्राणी नसतो. तशा मुलांना सांगा, की आठवड्यात कधीही दहा मिनिटं एकच प्राणी लांबून बघा: गोखले रोडवर स्कूटरच्या सीटवर झोपलेलं मांजर, इमारतीच्या वॉचमनपाशी बसणारा कुत्रा, खिडकीत येणारा कावळा. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, फक्त बघायचं. माझा अनुभव असा, की बिनप्राण्याच्या घरातली मुलं जास्त बारकाईने बघून येतात.

एखादं मूल पिंजऱ्यातल्या पोपटाचा फोटो आणतं. आपल्याकडचे रानपोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरात ठेवता येत नाहीत. हे त्या मुलाला सगळ्यांसमोर सुनावू नका, त्यात त्याची काही चूक नाही. त्याला पोपट झाडावर काढायला सांगा आणि पालकांशी वेगळं, शांतपणे बोला.

सामान फार लागत नाही. मोठ्या आकाराचे ड्रॉइंग पेपर, मऊ पेन्सिली, ऑइल पेस्टल, शाडू माती, जुने सुती टी-शर्ट, स्वच्छ पुठ्ठ्याचे खोके. शाडू गणपतीच्या आधी सहज मिळते, तेव्हाच दोन पिशव्या घेऊन ठेवा. भाजलेल्या मातीचे पसरट परळ हवे असतील तर जांभळी नाक्याच्या बाजाराकडे एक चक्कर मारा. चमकी, थर्माकोल, प्लास्टिकचे डोळे, रबरबँड आणि लोकर आणूच नका.

पहिला शनिवार: आधी बघणं, मग काढणं

फोटो समोर ठेवून पाच मिनिटं कुणीही पेन्सिल उचलायची नाही. मग फोटो पालथा घालायला लावा आणि प्रत्येकाला विचारा: शेपूट कुठे संपते, मागच्या पायाला किती वळणं आहेत, कानाच्या आतला रंग कोणता? निम्म्या मुलांना सांगता येत नाही. पुन्हा फोटो बघायला द्या. आता ती खरी बघतात.

सगळ्यांचं घोडं अडतं ते मागच्या पायाशी. मुलं चारही पाय टेबलाच्या पायांसारखे सरळ काढतात, आणि जरा मोठी मुलं म्हणतात, "ताई, कुत्र्याचा गुडघा उलटा असतो ना?" इथे चित्र थांबवा आणि सगळ्यांना चपला काढून उभं करा. टाचा वर उचला, चवड्यांवर उभे राहा, आता गुडघे थोडे वाकवा. मग एका मुलाला बाजूने उभं करून बाकीच्यांना त्याचा पाय बघायला सांगा. गुडघा पुढे वळलेला दिसतो, टाच मागे हवेत. कुत्र्याचंही अगदी असंच असतं. आपल्याला जो उलटा गुडघा वाटतो ती त्याची टाच असते, कारण कुत्रा आणि मांजर कायम चवड्यांवर चालतात. खरा गुडघा वर, पोटाच्या जवळ, केसांत लपलेला असतो. हे एकदा स्वतःच्या पायात जाणवलं, की पुढे शिकवावं लागत नाही. दोन मिनिटांत मागचा पाय कागदावर बरोबर वळतो.

आता रेखाटनाचा क्रम. आधी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीच्या कण्याची एकच वाहती रेष. तिच्यावर छातीसाठी मोठा लंबगोल, कंबरेसाठी लहान, डोक्यासाठी गोल. मग पाय, शेवटी चेहरा. मुलं नेहमी चेहऱ्यापासून सुरू करतात आणि मग शरीराला कागद पुरत नाही. रेषेपासून सुरुवात केली की झोपलेलं, ताणलेलं, वळून बघणारं, सगळ्या तऱ्हेचं जनावर कागदात बसतं.

मोठ्या मुलांसाठी केसांचा भाग आहे. ऑइल पेस्टलचे फटकारे केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने मारायचे: नाकापासून मागे, मानेवरून खाली, पायावर खालच्या बाजूला. आधी फिका थर, वर गडद थर, मग टूथपिकने ओरखडे काढले की खालचा रंग केसांसारखा दिसतो. मांजर काढणाऱ्यांना मिशा मोजायला लावा. साधारण एका बाजूला बारा, चार ओळींत असतात. आणि उजेडात डोळ्याची बाहुली उभ्या फटीसारखी होते, हे फोटोत शोधायला सांगा.

सहा-सात वर्षांच्या मुलांना यातलं फारसं काही सांगू नका. त्यांचा कुत्रा माणसासारखा हसेल, पाच पाय असतील, तर असू द्या. त्यांना रंगीत कागद हाताने फाडून, चिकटवून प्राणी करायला द्या. फाटलेली कड केसाळ दिसते आणि कात्रीची भांडणं वाचतात.

उरलेल्या वेळात बटाट्याचे ठसे. बटाटा अर्धा कापून पंजा कोरायचा (कोरण्याचं काम मदतनिसाचं), एक मोठी गादी आणि वर चार बोटं. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या ठशात बहुतेक वेळा उमटत नाहीत, कारण चालताना ते नखं आत ओढून घेतं. मुलांनी कागदावर ठशांची वाट काढावी आणि शेजाऱ्याने ओळखावं, इथून कोण गेलं. याला मुलं उठायला तयार नसतात, तेव्हा पंधरा मिनिटं राखून ठेवाच.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, याचा परीक्षेला उपयोग काय? स्मरणचित्रात गाय, कुत्रा, बैलगाडी आली की हाच कणा आणि हीच टाच कामाला येते, एवढं त्यांना सांगा.

दुसरा शनिवार: माती आणि खेळणी

पोळ्याला मातीचे बैल करण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, विदर्भात तान्हा पोळ्याला मुलं लाकडी बैल मिरवतात. म्हणून मातीकाम बैलापासून सुरू करा. शरीर भरीव असतं, पाय जाड असतात, चूक झाली तरी तो उभा राहतो. मग ज्याने-त्याने आपलं मांजर किंवा कुत्रा करावा.

शाडू आदल्या रात्री भिजवून, सकाळी मळून, ओल्या फडक्यात ठेवा. बोटाला चिकटणार नाही आणि वळली तर तडकणार नाही, इतपत मऊ हवी. पाय वेगळे करून चिकटवण्यापेक्षा एकाच गोळ्यातून ओढून काढले तर तुटत नाहीत. कान-शेपूट जोडायचीच असेल तर दोन्ही जागी काडीने चरे पाडा, मधे पातळ चिखल लावा आणि दाबा. मूर्ती बोटभरापेक्षा जास्त जाड झाली तर पोटाखालून माती कोरून काढा, नाहीतर आत ओल राहून तडा जातो. वाळवायची सावलीत, पंख्यापासून लांब. उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतात, पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत दुप्पटही लागतात.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. शाडू नसली की बऱ्याच ठिकाणी मैदा, मीठ आणि पाणी मळून त्याचे दागिने, ठसे, लटकन करतात. कुत्रा असलेल्या घरात ही वस्तू जाणार असेल तर करू नका. त्यात मीठ इतकं असतं, की तुकडाभर खाल्ल्यावरसुद्धा कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं: उलट्या, झटके, प्रसंगी मृत्यू. कुत्र्याला तो पिठाचाच वास येतो, त्यामुळे तो खाणारच. खऱ्या पंजाचा ठसा हवा असेल तर घरी, पालकांच्या मदतीने, शाडूच्या चपट्या वडीवर पंजा हलका दाबावा आणि त्याने चाटायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. पंजाला पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक लावू नये.

आता खेळणी. कुत्र्याला लाल आणि हिरवा रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, निळा आणि पिवळा मात्र नीट कळतो. हिरवळीवर पडलेला लाल चेंडू तो डोळ्यांनी कमी आणि नाकाने जास्त शोधतो. म्हणून ओढायचा दोर निळ्या-पिवळ्या टी-शर्टचा करा. सुमारे चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब पट्ट्या कापा, ताणल्या की त्या आपोआप गुंडाळल्या जातात. मोठ्या कुत्र्यासाठी प्रत्येक पेडात दोन-दोन पट्ट्या घ्या. एक टोक घट्ट गाठीने बांधून शेजाऱ्याच्या हातात द्या आणि तिपेडी वेणी घाला. ज्या मुलांना वेणी येत नाही त्यांना वर्गातल्या मुली शिकवतात. शेवटी दुसरी घट्ट गाठ. सुतं निघायला लागली की दोर टाकून द्यायचा, हे मुलाकडून वदवून घ्या.

मांजरासाठी दोर, रिबन, लोकर काहीही नाही. चित्रांत मांजर नेहमी लोकरीच्या गुंड्याशी खेळताना दाखवतात, पण गिळलेला धागा तिच्या आतड्यांत अडकतो, आतडं चुण्यांसारखं गोळा होतं आणि ऑपरेशन करावं लागतं. मांजराला पुठ्ठ्याचा खोका द्या. त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढून टाका, तिचं डोकं सहज आत-बाहेर होईल एवढी दोन भोकं पाडा, बाहेरून मुलाने हवं ते रंगवावं. आत कागदाचा घट्ट बोळा टाकला की झालं. याहून महागडं खेळणं मी तरी मुलांना सुचवत नाही.

ज्यांच्या घरी प्राणी नाही त्यांनी परळ रंगवावेत, सोसायटीच्या कोपऱ्यात पाणी ठेवण्यासाठी. परळ भाजलेल्या मातीचाच हवा, मुलांनी केलेला कच्च्या शाडूचा पाण्यात विरघळून जाईल. रंग फक्त बाहेरून, गेरूचा. आतली बाजू कोरी. पाणी रोज बदलायचं आणि आतून घासायचं, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. कोणत्या दिवशी कोण घासणार याचा तक्ता मुलांनीच करून लिफ्टशेजारी लावावा. एप्रिल-मेमध्ये हा तक्ता भिंतीवरच्या कोणत्याही चित्राइतकाच मोलाचा असतो.

तिसरा शनिवार: दोन टेबलं, दोन डबे

एक टेबल प्राण्यांच्या खाऊचं, एक मुलांच्या. भांडी वेगळी, डबे वेगळे, झाकणांवर चित्रं वेगळी. ही एकच शिस्त कडक पाळा, बाकी सगळ्यात ढिलाई चालेल.

वर्ग सुरू होताना फळ्यावर कुत्र्या-मांजरांनी न खायच्या गोष्टी मुलांकडूनच लिहून घ्या. चॉकलेट: त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि हृदयाला, मेंदूला त्रास देतं. द्राक्षं आणि मनुका: किडनी निकामी होऊ शकते. कांदा आणि लसूण, शिजवलेलासुद्धा: रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजरांना तर याचा जास्तच त्रास. झायलिटॉल: साखर नसलेल्या च्युइंगगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये ही गोडी असते, कुत्र्याच्या रक्तातली साखर ती झपाट्याने खाली आणते. उरलेली बिर्याणी, भाजी, चायनीज यांत कांदा-लसूण असतोच, तेव्हा "उरलंय ते टॉमीला" बंद. मुलं ही यादी घरी जाऊन आजीला बजावून सांगतात, आणि आजी ऐकते.

कुत्र्यांसाठी नाचणी-भोपळ्याची बिस्किटं. एक वाटी नाचणीचं पीठ, एक वाटी कणीक, पाऊण वाटी शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, एक चमचा तेल. मीठ, साखर, गूळ, बेकिंग पावडर काही नाही. जायफळही नाही, ते कुत्र्याला विषारी ठरू शकतं. भोपळा बिनपाण्याच्या भांड्यात कुकरला वाफवून आणा, म्हणजे पीठ सैल होत नाही. आधी दोन्ही पिठं एकत्र, मग भोपळा थोडा थोडा घालत पुरीच्या पिठाएवढं घट्ट मळा. पाणी लागलंच तर चमच्याने. अर्धा सेंटिमीटर जाड लाटा आणि बाटलीच्या झाकणाने रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्या पाडा. हाडाच्या आकाराचा साचा मुलांना आवडतो, पण लहान कुत्र्याच्या घशात मोठं बिस्कीट अडकू शकतं. मला चकत्याच बऱ्या वाटतात.

ओटीजीत १६० अंशांवर २५ ते ३० मिनिटं, मग बंद करून आतच गार होऊ द्या. भट्टीजवळ फक्त मोठ्यांनी जायचं. ओटीजी नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून, मंद आचेवर, दोन्ही बाजूंनी कोरडं होईपर्यंत भाजा. पूर्ण कोरडी झाली नाहीत तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते, म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायला सांगा. दिवसभराच्या खाण्यात खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. दहा किलोच्या कुत्र्याला अशी दोन-तीन बिस्किटं पुष्कळ झाली. आजारी किंवा पथ्यावरच्या कुत्र्याला आधी त्याच्या डॉक्टरांना विचारून.

"ताई, आमच्या मनीला पण?" हा प्रश्न येतोच. मांजराला गोड चव कळतच नाही आणि तिचं पोट मांसावर चालतं, त्यामुळे भोपळ्याच्या बिस्किटात तिला काही गंमत नाही. डोळे मिटून दूध पिणारी मांजर म्हणीत असली, तरी बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. बिनमिठाचं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, बारीक तंतू काढलेलं, एवढाच तिचा खाऊ. पालकांची हरकत असेल तर तो घरी करू द्या, वर्गात मनीसाठी नुसतं डब्याचं चित्र रंगवा. सशाला कोथिंबिरीची चार पानं. त्याला गाजर दाखवतात ते चित्रांत. गाजर गोड असतं, त्याचं मुख्य खाणं गवत. माशांसाठी खाऊ करूच नका. जास्त खाणं पाण्यात कुजतं आणि मासे मरतात. त्या मुलाने दिवसाला किती चिमट्या घालायच्या याचा तक्ता करावा.

दुसऱ्या टेबलावर मुलांचा खाऊ: मांजराच्या तोंडासारखी छोटी थालीपिठं, दोन्ही बाजूंना चिमटून कान काढलेली, घरून भाजून आणलेली. मुलांनी वर दही लावून चेहरा करायचा. काकडीच्या काड्यांच्या मिशा, डाळिंबाचा दाणा नाकाला, काळ्या तिळांचे डोळे. डोळ्यांसाठी मनुका किंवा चॉकलेटचे दाणे सगळ्यांनाच आधी सुचतात. ते वापरू नका, कारण प्राण्याच्या आकाराचा खाऊ घरी नेला की तो आधी टॉमीपुढे धरला जातो. याच कारणासाठी थालीपिठातही कांदा-लसूण नको.

खरा कुत्रा वर्गात आणावा का?

बारा मुलांच्या बंद खोलीत नको. आणायचाच असेल तर एकच, मोठ्या वयाचा, शांत, लसीकरण पूर्ण असलेला, मालकासह, मोकळ्या जागेत आणि फार तर वीस मिनिटं. ॲलर्जी असलेलं मूल असेल तर तेही नाही.

मुलांनी बसायचं, कुत्र्याने हवं तर जवळ यायचं. मालकाला विचारून, समोरून नाही तर बाजूने, मूठ मिटून वास घेऊ द्यायचा. मग छातीवर किंवा खांद्यावर हात फिरवायचा. डोक्यावरून हात आणि गळ्यात मिठी कुत्र्यांना बहुधा आवडत नाही. तो सारखे ओठ चाटू लागला, जांभया देऊ लागला, तोंड फिरवलं, शेपूट पायांत घातली, की भेट संपली. हे चारही संकेत पहिल्या शनिवारी मुलांकडून काढून घेतले तर ती स्वतःच ओळखतात. शेवटी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

दात किंवा नख लागलं तर कितीही लहान ओरखडा असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लस सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मिळते. मुलांना एवढं मात्र पटवून द्या, की ओरखडा लपवला तर रागावू, सांगितला तर कुणीही रागावणार नाही.

घरी जाताना

प्राण्यांच्या डब्यावर मुलाच्या अक्षरात चिठ्ठी लावा: कुणासाठी, कशापासून बनवलं, कधी बनवलं, रोज किती द्यायचं, कधीपर्यंत संपवायचं. त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फळ्यावरच्या यादीचा फोटो टाका. आणि पुढच्या शनिवारी चित्र घेण्याआधी प्रत्येकाला विचारा: दिलेलं खेळणं त्याने उचललं का, बिस्कीट खाल्लं की वास घेऊन सोडून दिलं? एखादा टॉमी भोपळ्याला तोंडही लावत नाही. त्या मुलाला पुढच्या वेळी भोपळ्याच्या जागी उकडलेलं रताळं घालून करायला सांगा.